बचावफळीचा हिशेब

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘निधीविषयी दोन शब्द’ असं छापलं आहे. दोन शब्दांत आटोपणारे आम्ही नव्हेत हे समितीला चांगलं ठाऊक आहे, तरी छापलं. आमच्यानंतर गाणी आहेत आणि मागच्या टेबलावरचे बटाटेवडे गार होत चाललेत, याची जाणीव ठेवूनच बोलतो. पण पैसे मागायच्या आधी हिशेब द्यावा ही आपल्या मंडळाची पद्धत आहे. यंदाचा हिशेब जरा वेगळा आहे, कारण तो हॉकीतल्या बचावपटूचा आहे.

यंदाचा निधी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या मुलींच्या हॉकी संघासाठी आहे, हे आपल्याला पत्रातून कळलंच आहे. त्या संघात नववीतली एक मुलगी आहे. सेंटर बॅक खेळते. तिचं नाव इथे घेत नाही; लहान आहे, आणि तिच्यावरून इकडे आयर्लंडमध्ये समितीच्या दोन बैठका रंगल्या हे तिला कळायचं काही कारण नाही. शाळेच्या संघात ती म्हणजे भिंत आहे भिंत, असं तिचे सर सांगतात. त्यावरून आपल्यातल्या काही देणगीदारांचं म्हणणं पडलं की सगळा निधी हिच्याच मागे लावा; हिला पुण्याला पाठवा, चांगला कोच लावा, एक तरी मुलगी वर येऊ दे. मग बातमी आली की एका निवड चाचणीत ती खेळली, तिच्या बाजूने एकामागून एक गोल झाले आणि यादीत तिचं नाव आलं नाही. लगेच दुसरी बाजू उभी राहिली. अहो, मग ती तेवढी नसेलच. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय? पैसे वेगळ्या कामाला द्या.

आम्ही चौघं सॉफ्टवेअरमधली माणसं. ‘तुम्ही कॉम्प्युटरवाले, आकडे बघा आणि काय ते एकदा सांगून टाका’, असं समितीतल्या एका काकांनी फर्मावलं. आम्ही बघितले. आणि आमचं मत असं झालं की दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता धरून चालली आहे. बचावपटूचा खेळ हा तिचा एकटीचा असतो, शाळेत दिसला तोही आणि चाचणीत दिसला तोही, असं दोघांनी मानलं आहे. तसा तो नसतो. का नसतो ते सांगायला आम्ही इथे उभे आहोत.

लांब कशाला जायचं, आपल्या अंगणातलंच उदाहरण घेऊ. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लंडनला महिलांचा हॉकी विश्वचषक झाला. भारत आणि आयर्लंड एकाच गटात होते, त्यामुळे आपल्या पुष्कळ घरांत पंचाईत झाली होती. मुलं हिरवा शर्ट घालून टीव्हीसमोर, आणि सुट्टीत आलेली आजी निळ्यांच्या बाजूने. आयर्लंडचा संघ तेव्हा जागतिक क्रमवारीत सोळावा. स्पर्धेतल्या १६ संघांत त्यांच्या खाली एकटा इटली. खेळाडू सगळ्या अर्धवेळ म्हणाव्यात अशा. कुणी शिकत होती, कुणी नोकरी सांभाळून खेळत होती, आणि संघात राहायचं तर स्वतःच्या खिशातून वर्गणी भरावी लागत होती. मोठा प्रायोजक मिळाला तोही स्पर्धा अगदी तोंडावर आल्यावर.

तर या संघाने काय केलं? अमेरिकेला ३-१ ने हरवलं. भारताला १-० ने हरवलं. गोल अ‍ॅना ओफ्लॅनगनचा. इंग्लंडकडून ०-१ ने हरले, तरी गटात पहिले आले. उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा भारतच समोर आला. ६० मिनिटांत कुणाचाच गोल नाही, आणि शूटआऊटमध्ये आयर्लंड ३-१. उपांत्य फेरीत स्पेनशी १-१, पुन्हा शूटआऊट, ३-२. दुसऱ्या दिवशी, ५ ऑगस्टला, अंतिम सामना नेदरलँड्सशी. त्यात ०-६.

आता हा निकाल नुसता बचावफळीच्या चष्म्यातून पाहा. हॅना मॅथ्यूज, लीना टाइस, झोई विल्सन, रोशीन अप्टन या मुली मागे. गोलात आयीशा मॅकफेरन. पाच सामन्यांत मिळून त्यांनी ३ गोल दिले. सहाव्या एका सामन्यात ६. शनिवार आणि रविवार यांच्यामध्ये या मुली खेळ विसरल्या का? थकवा म्हणावा, तर डच मुलीही आदल्या दिवशी ऑस्ट्रेलियाशी १-१ बरोबरी करून शूटआऊटमधूनच आल्या होत्या. डच संघाला रोखताच येत नव्हतं असंही नाही. ऑस्ट्रेलियाने त्यांना एका गोलावर ठेवलं आणि इंग्लंडने दोनावर. मग बदललं काय?

बदललं ते बचावफळीच्या पुढे. आयर्लंडचा बचाव हा चार-पाच जणींचा कधीच नव्हता. चेंडू गेला की अख्खा संघ चेंडूच्या मागे येऊन उभा राहायचा. पुढच्या मुली मागे धावत यायच्या, मधली फळी मधला रस्ता अडवायची, आणि समोरची खेळाडू मॅथ्यूजपर्यंत पोचेपर्यंत तिच्याकडे एक-दोनच पर्याय उरलेले असायचे. एकच पर्याय उरला की टॅकल करणं सोपं. नेदरलँड्सने त्या स्पर्धेत सहा सामन्यांत ३५ गोल केले. त्यांच्या मधल्या फळीकडून चेंडू सुटेचना, पास इतके झरझर फिरत होते की आयर्लंडची पुढची माणसं मागे येईपर्यंत चेंडू दुसऱ्या अंगाला गेलेला असे. मागच्या मुलींपुढे एकाच वेळी तीन-तीन पर्याय घेऊन आलेली खेळाडू उभी. पाय तेच होते आणि स्टिकही तीच होती. प्रश्नपत्रिका मात्र बदलली होती.

समजा, एखाद्या निवडकर्त्याने फक्त भारताविरुद्धचा सामना पाहिला असता, तर वहीत ‘अभेद्य’ असं लिहिलं असतं. फक्त अंतिम सामना पाहिला असता तर ‘दबावाखाली कोसळतात’ असं लिहिलं असतं. सहा गोल खाऊनही स्पर्धेतली सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून मॅकफेरनचीच निवड झाली, यावरून निवडणाऱ्यांनी सगळे सामने पाहिले होते असं मानायला जागा आहे!

आणि आपल्या मुलींचंही बघा. उपांत्यपूर्व सामन्यात भारताच्या बचावफळीने, म्हणजे दीप ग्रेस एक्का, गुरजित कौर, सुनीता लाक्रा यांनी, आणि गोलात सविताने, आयर्लंडला ६० मिनिटांत एकही गोल करू दिला नाही. याहून जास्त बचावाने काय करायचं? नंतर शूटआऊट. त्यात एक खेळाडू आणि एक गोलरक्षक, आठ सेकंद, बाकी सगळे लांब उभे राहून बघणार. बचावफळीने हात जोडून उभं राहायचं. नोंदीत मात्र सगळ्यांच्या नावापुढे एकच ओळ, उपांत्यपूर्व फेरीत पराभव. तीन वर्षांनी, २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये याच दीप ग्रेस, गुरजित आणि सविता यांनी ऑस्ट्रेलियाला शून्यावर रोखलं, गुरजितच्या पेनल्टी कॉर्नरवर भारत १-० ने जिंकला, आणि तेव्हा सगळा देश म्हणाला, वा, काय बचाव आहे! २०१८ ला तो कुठे होता असं कुणी विचारलं नाही. तो तेव्हाही होता.

हा घोळ आकड्यांत सगळ्यात चांगला पकडला तो आइस हॉकीवाल्यांनी. बर्फावरची हॉकी आपल्यापैकी फार जण बघत नाहीत, पण कॅनडा-अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे गेलात तर सुटका नाही. तिथे एका वेळी बर्फावर पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. पाचांतले दोघं बचावाचे, आणि ते कायम जोडीने उतरतात, जोडीने बाहेर येतात. त्यांच्याकडे ‘प्लस-मायनस’ नावाचा जुना हिशेब आहे. दोन्हीकडे सारखी माणसं असताना आपल्या संघाने गोल केला, की त्या क्षणी बर्फावर असलेल्या प्रत्येकाला अधिक एक. गोल खाल्ला की प्रत्येकाला उणे एक. चेंडू (त्यांचा तो चपटा पक) तुमच्या आसपासही नसला तरी चालतं. तुम्ही तिथे होता ना? मग घ्या.

१९७०-७१ च्या हंगामात बॉस्टन ब्रुइन्सच्या बॉबी ऑरचा आकडा होता अधिक १२४. आजपर्यंतचा विक्रम. ऑर बचावपटू होता आणि त्या खेळातल्या थोरांपैकी एक, यात वाद नाही. पण त्या वर्षी बॉस्टनने ७८ सामन्यांत ३९९ गोल केले होते, हेही त्याच वहीत आहे. आणि ऑरच्या शेजारी खेळणारा डॅलस स्मिथ, ज्याचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, त्याचा आकडाही त्या हंगामातल्या सर्वोत्तम आकड्यांत होता. आता यातलं किती स्मिथचं आणि किती गाड्याबरोबर नळ्याची यात्रा? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. बरं, ऑरला मोकळेपणाने पुढे जाता यावं म्हणून मागे थांबणारा कुणी तरी लागतोच. तो स्मिथ होता. मग उलटही म्हणता येईल. ऑरच्या १२४ मध्ये स्मिथचे किती?

दुसरं टोक बघा. १९७४-७५ साली वॉशिंग्टन कॅपिटल्स हा संघ नव्याने लीगमध्ये आला. ८० सामने खेळले, ८ जिंकले, ६७ हरले. १८१ गोल केले, ४४६ खाल्ले. त्या संघात बिल मिकेल्सन नावाचा एक बचावपटू होता. त्याचा आकडा, उणे ८२. एका हंगामातला हा सर्वांत वाईट आकडा म्हणून आजही त्याचंच नाव छापलं जातं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हे. दुसऱ्या संघांना नको असलेले खेळाडू एकत्र करून उभा केलेला संघ, जोडीदार बदलत राहणारे, पुढची फळी चेंडू टिकवू न शकणारी, त्यामुळे मागे सतत मारा. अशा संघात जो जास्त वेळ बर्फावर राहील त्याचा आकडा जास्त वाईट. म्हणजे कोच ज्याच्यावर विश्वास टाकून अवघड वेळी उतरवतो, तोच वहीत सगळ्यात नालायक दिसतो! याच मिकेल्सनची मुलगी मेगन पुढे कॅनडाकडून बचावपटू म्हणून खेळली आणि तिने २०१० आणि २०१४ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली. घरात बचावाचं शिक्षण वाईट मिळालं असावं असं काही वाटत नाही.

यावर तिकडच्या आकडेवाल्यांनी जो उपाय काढला तो आम्हाला मनापासून आवडला, कारण तो आमच्या धंद्यातला आहे. प्रोग्राम बिघडला की आम्ही काय करतो? एक-एक तुकडा बाजूला काढून बघतो. तसंच इथे. अमुक बचावपटू आणि तमुक जोडीदार एकत्र असताना संघाचं काय होतं, पहिला दुसऱ्याशिवाय असताना काय होतं, आणि दुसरा पहिल्याशिवाय असताना काय होतं, असे तीन रकाने. पहिल्याशिवाय दुसरा कोसळत असेल आणि दुसऱ्याशिवाय पहिला ठीक असेल, तर कोण कुणाला सांभाळतो ते कळायला लागतं. पूर्ण नाही कळत. आणखी बघावं लागतं की समोर नेहमी कोण होतं, डाव आपल्या गोलाजवळून सुरू होत होता की त्यांच्या, मागे गोलरक्षक कोण. आणि सामने थोडे असतील तर सगळंच हातचं सोडून पळत्याच्या पाठी. पण नुसत्या एका आकड्यापेक्षा हे किती तरी बरं.

हे सगळं फार परदेशी वाटत असेल तर कबड्डी आठवा. आपण सगळे शाळेत खेळलोय, निदान गुडघे फोडून घेतलेत. कोपरारक्षकाने चढाईवाल्याचा घोटा धरला आणि शेजारचा मध्यरक्षक वेळेवर आडवा आला नाही, तर काय होतं? चढाईवाला त्याला ओढत रेषेपर्यंत घेऊन जातो. लोक म्हणतात, काय घाईने पकड करायला गेला! तोच मध्यरक्षक अर्धा क्षण आधी आला, तर लोक म्हणतात, काय पकड केली! घोटा दोन्ही वेळेला सारखाच धरलेला असतो. आणि गुण जमा होतो तो बहुतेक वेळा घोटा धरणाऱ्याच्याच नावावर. मध्यरक्षकाच्या आईला तेवढं माहीत असतं.

मैदानी हॉकीत तर याला एक खास कारण आहे. हॉकीची स्टिक उजव्या हाताचीच असते. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नियमांत नाही. तिची एकच बाजू सपाट. त्यामुळे बचावपटूला उजव्या अंगाने टॅकल करणं सोपं, आणि डाव्या अंगाने स्टिक उलटी करून करावं लागतं, ते अवघड. म्हणजे प्रत्येक बचावपटूला डावीकडे एक उघडी खिडकी असते. ती बंद करायची म्हणजे डावीकडची जोडीदार योग्य जागी उभी हवी, किंवा मागून गोलरक्षकाने ओरडून सांगायला हवं की उजवीकडे ढकल, उजवीकडे. सेंटर बॅकचा निम्मा खेळ कानांनी चालतो म्हणा ना.

आता आपल्या नववीतल्या मुलीकडे येऊ. सरांकडे सामन्यांची वही आहे. फोनवर तिची पानं पाठवा म्हटलं तर त्यांनी एका रविवारी बसून सगळी पाठवली, त्यांचे आभार मानायचे राहिलेच होते. सामने फार नाहीत, त्यामुळे आम्ही टक्केवारी वगैरे काढायच्या भानगडीत पडलो नाही. पण वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. तिच्या डावीकडे एक मुलगी खेळते, लेफ्ट बॅक. अंगाने बारीक, वहीत तिचं नाव जवळजवळ कुठेच नाही, कारण ती काहीच करत नाही. म्हणजे टॅकल करत नाही, पुढे जात नाही. फक्त योग्य जागी उभी असते. ती आजारी होती त्या सामन्यांत आपल्या ‘भिंती’च्या डाव्या अंगाने गोल झालेत. ती आली की बंद झालेत. देणगीदारांपैकी कुणीही आजवर या दुसऱ्या मुलीबद्दल आम्हाला विचारलेलं नाही.

निवड चाचणीत काय झालं असेल याचा आता अंदाज बांधता येतो, आणि सरांनीही तेच सांगितलं. चाचणीत मुली गावोगावच्या. संघ तिथल्या तिथे पाडले. तिच्या डावीकडे एक अनोळखी मुलगी, जिला पुढे जायची हौस. तिचाही दोष नाही, तिलाही दिसायचं होतं. चाचणीत प्रत्येकीला दिसायचं असतं आणि शांतपणे जागेवर उभं राहणं कुणाला दिसत नाही. मागची गोलरक्षक एक शब्द बोलली नाही. आणि मैदान कृत्रिम, पाणी मारलेलं. ही मुलगी आयुष्यात पहिल्यांदा त्यावर उभी राहिली.

मैदानाची गोष्ट किरकोळ समजू नका. मुरमाड मैदानावर चेंडू उडतो, खड्यावर वळतो, वेग मरतो. बचावपटू दोन पावलं मागे राहून वाट बघते आणि ते बरोबरच असतं. ओल्या टर्फवर चेंडू सपाट आणि सरळ येतो, वाट बघायला वेळच नाही. तिथे स्टिक जमिनीवर आडवी टाकून चेंडू अडवायचं तंत्र लागतं. ते मुरमावर सराव करून बघा, बोटांची सालटी निघतील. जे भल्याभल्यांना जमलं नाही ते एका सकाळी नववीतल्या मुलीला कसं जमावं? १९७५ साली क्वालालंपूरला भारताने विश्वचषक जिंकला, तो गवतावर. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातवा आला. सगळं खापर मैदानावर फोडता येणार नाही, पण एका वर्षात सगळे हॉकी विसरले असंही नाही.

मग प्रश्न येतो, आणि तो समितीत आलाच: असं असेल तर व्यक्तीला काही किंमतच नाही का? सगळं परिस्थितीच करते? आमचं असं मुळीच म्हणणं नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये इथे डब्लिनला डॉनीब्रुकमध्ये आयर्लंड आणि कॅनडा यांचे ऑलिंपिक पात्रतेचे दोन सामने झाले. दोन्ही ०-०, १२० मिनिटांत दोन्ही बचावफळ्यांनी काही दिलं नाही. शूटआऊटमध्ये आयर्लंड मागे पडलेलं, तिथून बरोबरी, आणि शेवटी रोशीन अप्टन, बचावपटू, हिने गोल केला. तिच्या मनगटाचं हाड मोडलेलं होतं हे नंतर कळलं. त्या गोलावर आयर्लंडच्या मुली पहिल्यांदा ऑलिंपिकला गेल्या. ते तिचं एकटीचं. त्याला परिस्थिती वगैरे म्हणणारा माणूस आम्ही नाही. पण ती संधी तिच्यापर्यंत पोचण्याआधी दोन तास मॅकफेरनने आणि बाकीच्यांनी शून्य टिकवलं होतं. आणि २०१८ च्या पदकानंतर पैसा आला, प्रायोजक आले, सरावाला वेळ मिळाला, तेव्हा कुठे डॉनीब्रुक घडलं.

आपल्याकडचंही सांगतो. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ ही नावं आपल्यापैकी काहींनी वाचली असतील. तिघीही अलीकडच्या वर्षांत भारताच्या ज्युनिअर किंवा वरिष्ठ संघाकडून खेळल्या. अक्षता बचावपटू. वैष्णवी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली कांस्यपदक घेणाऱ्या संघात होती. तिघीही शेतकऱ्यांच्या मुलखातल्या, सातारा जिल्ह्यात फलटणकडच्या. वैष्णवी आसूची, अक्षता वाखरीची. एका तालुक्याच्या आसपासच्या एवढ्याशा पट्ट्यातून तीन मुली भारताकडून खेळतात, हा काय पाण्याचा गुण म्हणायचा? पाणी तर तिथे कॅनॉलला आलं तर येतं. हॉकी शिकवणारे गुरुजी भेटले, एकमेकींना बघून खेळणाऱ्या मुली भेटल्या, आणि त्यापुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीसारखी राहण्याची, खाण्याची, टर्फवर खेळण्याची सोय झाली. अंगात गुण असलेल्या मुली शेजारच्या तालुक्यांतही असणारच. त्यांच्या शेजारी कोण उभं होतं, हा प्रश्न आहे.

आता पैशांकडे वळतो. आम्ही समितीला जे सुचवलं आणि समितीने बऱ्याच वादानंतर जे मान्य केलं, ते असं. निधीतली पहिली खरेदी गोलरक्षकाच्या पूर्ण साहित्याची. काहींना हे विचित्र वाटलं, चर्चा सेंटर बॅकची आणि पॅड गोलकीपरला! पण बघा, शाळेची गोलरक्षक सध्या क्रिकेटचे पॅड बांधून उभी राहते. हेल्मेट आहे ते तिच्या मापाचं नाही. चेंडू लागेल म्हणून ती रेषा सोडून पुढे येत नाही, आणि तिने का यावं? ती पुढे येत नाही म्हणून सेंटर बॅक तिला राखायला मागे सरकते. सेंटर बॅक मागे सरकली की तिच्यापुढे दहा पावलांची मोकळी जागा पडते, आणि तिथून गोल होतात. ते सगळे गोल वहीत सेंटर बॅकच्या नावावर. म्हणजे या मुलीचा खेळ सुधारण्यासाठी जी सगळ्यात उपयोगी वस्तू आपण विकत घेऊ शकतो, ती दुसऱ्याच मुलीच्या पायात बांधायची आहे.

दुसरा खर्च बसचा. महिन्यातून दोन शनिवार सगळा संघ, पुन्हा सांगतो, सगळा संघ, पुण्याला टर्फवर जाईल. एकटीला पाठवणं स्वस्त पडलं असतं हे आम्हालाही कळतं. पण ती एकटी शिकून आली आणि डावीकडची मुरमावरच राहिली, तर दोघींची पावलं जुळणार नाहीत, आणि आज जे आहे तेही जाईल. बसबरोबर एक शिक्षिका जाणार, त्यांचं मानधन वेगळं धरलं आहे. काही पालकांनी मुलींना रात्री उशीर होईल म्हणून नकार दिला होता. शिक्षिका बरोबर आहेत म्हटल्यावर त्यातले बरेच जण तयार झाले. सरावानंतरचं दूध, केळी, अंडी यांचा खर्च छोटा आहे पण सर त्यावर अडून बसले, आणि ते योग्यच आहे.

आणि ती मुलगी? तिच्या नावाने काही रक्कम बाजूला ठेवली आहे. पुढच्या चाचणीत तिची निवड झाली तर वसतिगृह, शाळाबदल आणि प्रवास यांची सोय त्यातून होईल. नाही झाली तर ती रक्कम वर्षभर तशीच राहील, आणि वर्षाने पुन्हा बघू. दुसऱ्या कुणाची निवड झाली, समजा त्या लेफ्ट बॅकची, तर तिला मिळेल. तसं ठरावात लिहून घेतलंय. एका देणगीदारांनी अजून नापसंती कळवली आहे, की अशाने पैसा पातळ पसरतो आणि कुणाचंच भलं होत नाही. त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. एक वर्ष झालं की आम्ही सरांची वही पुन्हा मागवणार आहोत, तेच तीन रकाने मांडणार आहोत, आणि जे दिसेल ते याच पुस्तिकेच्या पुढच्या अंकात छापणार आहोत, आमच्या बाजूने असो वा त्यांच्या.

खर्चाचा तक्ता शेवटच्या पानावर आहे. देणगीची पाकिटं बाहेरच्या टेबलावर आहेत, पावती लगेच मिळेल. इथे कर भरणाऱ्यांनी पाकिटावर पूर्ण नाव आणि पत्ता वाचता येईल असा लिहावा ही विनंती. गेल्या वर्षी काहींचं अक्षर आमच्यापैकी कुणालाच लागलं नव्हतं. गोलरक्षकाच्या पायाचं आणि डोक्याचं माप सर मंगळवारी पाठवणार आहेत, ते आलं की साहित्याची ऑर्डर जाईल. वडे अजून कोमट असतील.